साठवणीच्या जाळ्यावरचा पहारा : नवं काय आणि कामाचं काय?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, तिच्या तबकड्यांमुळे ओळखली जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या चौकात आणि १६ तीन भुजांवर पसरलेल्या. दक्षिणेची भुजा आंबेगावच्या दिशेने उतरते. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी तारांच्या जाळीची हलकी तबकडी कशी घडवली, याबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. पण तबकडीने टिपलेला संकेत पुढे कुठे जातो, कशावरून जातो आणि कुठे साठतो, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तो प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे त्याचे आकडे होतात, संगणकांचे संच त्या आकड्यांची जुळणी करतात आणि उरलेलं सार डिस्कवर उतरतं. या वाटेवर संगणक आणि साठवण यांच्यामध्ये स्विच उभे असतात. इथे स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. आलेला प्रत्येक डेटा-तुकडा योग्य दारातून पुढे धाडणारी ती पेटी. आणि या पेट्यांवर नजर ठेवण्यासाठी, त्यांची मांडणी करण्यासाठी, बिघाड शोधण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्याला स्विच-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर म्हणतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे सॉफ्टवेअर खूप बदललं. विक्रेत्यांच्या पत्रकांत नव्या सोयींची यादी दरवर्षी लांबत जाते. त्यातलं खरोखर कामाचं किती, हा या लेखाचा प्रश्न आहे. कसोटी एकच ठेवली आहे. ‘काहीतरी बिघडलंय’ इथपासून ‘अमुक बिघडलंय’ इथपर्यंतचा वेळ ज्या सोयीमुळे घटतो ती कामाची, बाकीची सजावट. ही कसोटी शहरातल्या चकचकीत डेटा सेंटरमध्ये लावण्यापेक्षा खोडदसारख्या ठिकाणी लावून पाहणं जास्त उपयोगाचं आहे. तिथे डेटा प्रचंड आहे आणि विक्रेत्याचा अभियंता पुण्या-मुंबईहून यायचा असतो.

आकड्यांचा पूर

आधी हिशेब पाहू. तबकड्या ३०, प्रत्येकीचे ध्रुवीकरणाचे दोन प्रवाह, म्हणजे एकूण ६०. प्रवाहाची रुंदी २०० मेगाहर्ट्झ धरली आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा धरला, तर एका प्रवाहातून सेकंदाला ४० कोटी नमुने, म्हणजे ४०० मेगाबाइट येतात. ६० प्रवाहांचे २४ गिगाबाइट, तेही दर सेकंदाला. हे सगळं जसंच्या तसं साठवायचं ठरवलं तर एका दिवसात दोन पेटाबाइट भरतील. म्हणूनच ते साठवत नाहीत. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार तिथल्या तिथे केला जातो आणि काही सेकंदांची सरासरी तेवढी ठेवली जाते. २,०४८ वाहिन्या आणि पाच सेकंदांची सरासरी धरली तर डिस्ककडे जाणारा ओघ सेकंदाला सुमारे तीन मेगाबाइटवर येतो, म्हणजे तासाला दहा-अकरा गिगाबाइट. आलेल्या प्रवाहाच्या आठ हजारांश.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अशा केंद्रात जाळी दोन प्रकारची असतात. एक गणनेचं जाळं. त्यात डेटा एकदाच येतो, थांबत नाही, चुकला तर परत मिळत नाही. दुसरं साठवणीचं जाळं. त्यात ओघ कमी असतो, पण जे उतरलं ते वर्षानुवर्षं टिकायला हवं. खोडदला पहिल्या जाळ्याचा प्रवास ठळक दिसतो. सुरुवातीला खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिची जागा साध्या सर्व्हरांच्या संचाने आणि गिगाबिट इथरनेटने घेतली. त्यानंतरच्या सुधारित दुर्बिणीत निरीक्षणाची पट्टी ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावली, आणि ते काम ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेले सर्व्हर व त्यांना जोडणारं इन्फिनिबँडचं जाळं करू लागलं.

दुसऱ्या जाळ्याचं मोल एका उदाहरणावरून कळतं. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास सगळं दिसणारं आकाश टिपलं. त्या जुन्या, साठवलेल्या कच्च्या डेटावर पुढे काही वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने प्रक्रिया केली. त्यातून ३६,९०० चौरस अंशांचं, म्हणजे आकाशाच्या नव्वद टक्क्यांचं चित्र आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी तयार झाली. ती आज जगभर वापरली जाते. कच्चा डेटा नीट राहिला म्हणूनच हे जमलं. पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदींचंही तसंच. भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेच्या गटाने सुधारित जीएमआरटीवर वर्षानुवर्षं जमवलेल्या नोंदी युरोपीय गटाच्या नोंदींना जोडल्या गेल्या आणि जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा दिसत असल्याचं जाहीर झालं. पल्सारचा डेटा अंगानेही जाड असतो. १,०२४ वाहिन्या आणि ८२ मायक्रोसेकंदांचा नमुना धरला तरी एका शलाकेचे तासाला ९० गिगाबाइट होतात.

जाळ्यांच्या जाती

साठवणीचं जाळं म्हटलं की उद्योगजगतात पहिलं नाव फायबर चॅनलचं निघतं. हे तंत्र १९९४ मध्ये प्रमाणित झालं. ब्रोकेड कंपनी १९९५ ची, तर सिस्कोने २००२ मध्ये आपली एमडीएस मालिका आणली. आज या क्षेत्रात प्रामुख्याने हीच दोन नावं आहेत. ब्रोकेड २०१७ पासून ब्रॉडकॉमच्या मालकीची आहे. ओतूर किंवा घोडेगावच्या बँक शाखेत पासबुक छापलं जातं तेव्हा त्यातली नोंद दूरच्या डेटा सेंटरमधल्या साठवणीतून येते. बँका, विमा कंपन्या, मोठी रुग्णालयं अशा ठिकाणी मधलं जाळं बहुधा फायबर चॅनलचं असतं.

संशोधन केंद्रांची तऱ्हा वेगळी. तिथे इन्फिनिबँड किंवा वेगवान इथरनेट आणि त्यावर लस्टरसारखी समांतर फाइल-यंत्रणा, ही जोडी जास्त दिसते. इन्फिनिबँडमधली आघाडीची मेलानॉक्स कंपनी एप्रिल २०२० मध्ये एनव्हिडियाने घेतली. तिसरी जात इथरनेटवरूनच वेगवान डिस्क जोडणाऱ्या एनव्हीएमईची. तिचं जाळ्यावरचं प्रमाण २०१६ मध्ये आलं.

या तिन्हींची व्यवस्थापन सॉफ्टवेअरं वेगळी असली तरी दुखणी बरीचशी सारखी आहेत. म्हणून पुढचा आढावा कंपनीवार न घेता दुखण्यावार घेतला आहे.

पहिलं दुखणं : दिसतच नाही

पूर्वीची पद्धत अशी होती. एसएनएमपी या १९८८ च्या रीतीने देखरेखीचा संगणक दर पाच मिनिटांनी स्विचला विचारायचा, ‘किती डेटा गेला?’ आणि आलेख काढायचा. यातली गोम साध्या गणितात आहे. एखादी जोडणी दहा सेकंद पूर्ण तुंबली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर पाच मिनिटांच्या सरासरीत तिचा वापर जेमतेम तीन टक्के दिसतो. आलेख सपाट आणि वापरणारे हैराण. दुर्बिणीचा डेटा तर स्वभावानेच असा येतो. दर काही सेकंदांनी सरासरीचा एक गठ्ठा तयार होतो, तो झपकन डिस्ककडे निघतो, मग पुन्हा शांतता.

नव्या सॉफ्टवेअरांनी इथे खरी सुधारणा केली. आता विचारावं लागत नाही, स्विच स्वतःहून सेकंदा-सेकंदाच्या नोंदी सतत पाठवत राहतो. फायबर चॅनलमध्ये त्याही पुढची पायरी गाठली गेली. सिस्कोच्या ३२ गिगाबिट पिढीच्या स्विचांत आणि ब्रोकेडच्या आयओ इनसाइट या सोयीत प्रत्येक वाचन-लेखनाच्या विनंतीला उत्तर यायला किती वेळ लागला, हे स्विचमधली चिपच मोजते. सर्व्हरवाला म्हणतो डिस्क मंद, डिस्कवाला म्हणतो जाळं मंद, आणि जाळ्याचा माणूस दोघांकडे बोट दाखवतो, हा वाद प्रत्येक संगणक विभागाच्या परिचयाचा आहे. मधल्या पेटीनेच वेळ मोजला की तो वाद मिटतो. आमच्या कसोटीवर ही सोय पूर्ण उतरते.

सॉफ्टवेअरचं तोंडही बदललं. आधीचे अनेक पडदे जावावर चालत. २०१५ मध्ये क्रोमसारख्या ब्राउझरांनी जावाचा तो आधार काढून टाकला, तेव्हा स्विचचा पडदा उघडण्यापुरता जुना ब्राउझर टाकलेला एक जुना लॅपटॉप जपून ठेवण्याची पाळी अनेक ठिकाणी आली. आता ब्रोकेडचं सॅननॅव्ह किंवा सिस्कोचं नेक्सस डॅशबोर्ड साध्या ब्राउझरात उघडतं. ही सोय हवीच होती, पण तिला नवलाई म्हणण्याचं कारण नाही.

दुसरं दुखणं : एकामुळे सगळे अडतात

साठवणीच्या जाळ्याचं सर्वांत कठीण दुखणं हे. फायबर चॅनल आणि इन्फिनिबँड या दोन्हींत डेटा वाटेत सांडू द्यायचा नाही असा नियम आहे. त्यासाठी समोरचा ‘माझ्याकडे जागा आहे’ असं सांगतो तेव्हाच पुढचा तुकडा सुटतो. या परवानगीला क्रेडिट म्हणतात. आता एखादा सर्व्हर मागितलेला डेटा वेळेवर उचलत नसेल तर त्याच्या दाराशी क्रेडिट संपतात, मागच्या स्विचची जागा भरते, मग त्याच्या मागच्याची, आणि त्या सामाईक वाटेवरचे निर्दोष सर्व्हरही ताटकळतात. कुकडीच्या चारीवर एका शेतकऱ्याच्या दारेवर पाणी अडलं की वर सगळीकडे फुगवटा येतो, तसंच हे. त्रास होतो एकाला, खोट असते दुसऱ्याच्या दारात. म्हणून ही खोट शोधायला पूर्वी दिवस जात.

इथे गेल्या दशकात तीन पायऱ्या झाल्या. पहिली, ओळखण्याची. ब्रोकेडच्या मॅप्ससारख्या नियमावल्या प्रत्येक दारावर क्रेडिटविना गेलेला वेळ मोजतात आणि मर्यादा ओलांडली की इशारा देतात. दुसरी, आवरण्याची. मंद दाराचा ओघ वेगळ्या, कमी अग्रक्रमाच्या मार्गिकेत ढकलायचा किंवा त्याच्या मागण्यांचाच वेग कमी करायचा. सिस्कोने २०२१ च्या सुमारास आणलेली दारावरच वेग बांधण्याची सोय याच जातीची आहे. मंद सर्व्हर मागेलच कमी, मग तुंबवेल कशाला, हा त्यामागचा साधा विचार.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती कळवण्याची. आतापर्यंत जाळ्याला जे कळायचं ते जाळ्यापाशीच राहायचं. २०२० च्या आसपासच्या ६४ गिगाबिट पिढीबरोबर एफपिन नावाची प्रमाणित सूचना आली. तार खराब होते आहे किंवा वाट तुंबते आहे, हे स्विच आता थेट सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि सर्व्हर आपला ओघ दुसऱ्या चांगल्या वाटेवर वळवतो. पूर्वी अर्धवट बिघडलेली वाट पूर्ण तुटलेल्या वाटेपेक्षा जास्त त्रास द्यायची, कारण तुटलेली वाट लगेच सोडून दिली जाते आणि अर्धवट बिघडलेली पुन्हा पुन्हा वापरली जाते. एफपिनने नेमकी ही फट बुजवली. अट एवढीच की स्विच, सर्व्हरमधलं कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या चौघांनाही ही भाषा यायला हवी. एकाला जरी येत नसेल तरी सोय कागदावर राहते. खरेदीच्या वेळी नेमकं हेच विचारलं जात नाही.

अंतराचा मुद्दाही इथेच येतो. प्रकाशतंतूत एक किलोमीटर जायला प्रकाशाला पाच मायक्रोसेकंद लागतात. खोडद ते पुणे सुमारे ८० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ८०० मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात वाटेत असलेल्या तुकड्यांसाठी क्रेडिट राखून ठेवावे लागतात. ३२ गिगाबिटच्या जोडणीला किलोमीटरमागे १६, म्हणजे ८० किलोमीटरला १,२८० क्रेडिट. आपत्तीसाठी दूर दुसरी प्रत ठेवणाऱ्या बँकांना हा हिशेब चुकला की महागडी तार रिकामी धावते. हा हिशेब सॉफ्टवेअर आता स्वतः मांडतं. सोय जुनीच आहे, पण पडद्यावर आता ती समजेल अशी दिसते.

तिसरं दुखणं : मांडणीतल्या चुका

कोणत्या सर्व्हरने कोणत्या डिस्कशी बोलायचं, याची हद्द आखण्याला झोनिंग म्हणतात. प्रत्येक दाराची ओळख सोळा अक्षर-अंकांची. हाताने टाइप करताना एक अंक चुकला की सर्व्हरला डिस्क दिसत नाही. हद्द सैल आखली तर त्याहून वाईट, एकाच्या डिस्कवर दुसरा लिहू शकतो. २० सर्व्हर आणि साठवणीची चार दारं असतील तर जोड्या ८० होतात, आणि त्या एकेक करून आखायच्या म्हणजे एक अख्खी रात्र.

गट पद्धतीच्या झोनिंगने हे काम हलकं केलं. त्यात साठवणीचं दार मुख्य आणि सर्व्हर त्याचे सदस्य. सदस्य मुख्याशी बोलतात, आपसात बोलत नाहीत. एका झोनमध्ये काम होतं आणि हद्दही घट्ट राहते. काही साठवण-यंत्रं तर स्वतःच स्विचला सांगून झोन आखून घेतात.

पण या विभागातली खरी क्रांती पडद्यावर दिसतच नाही. ती आहे प्रोग्रामने बोलता येण्याची सोय. साधारण २०१८ पासून मोठ्या कंपन्यांच्या स्विचांत वेबच्या रीतीने हुकूम देता येतात आणि अ‍ॅन्सिबलसारख्या खुल्या साधनाने मांडणी एका मजकूर-फाइलीत लिहून ठेवता येते. याचा फायदा वेगापेक्षा इतिहासात आहे. मागच्या मंगळवारी काय बदललं, कुणी बदललं, आणि तो बदल मागे घ्यायचा तर कसा, याचं उत्तर फाइलीत असतं. जाळ्यातले बरेचसे बिघाड यंत्राच्या मरणाने होत नाहीत, माणसाने केलेल्या बदलाने होतात. म्हणून ‘काल चालत होतं, आज काय झालं?’ या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देणारी ही सोय आमच्या कसोटीवर पहिल्या तिघांत बसते. छोट्या केंद्रांना तर ती आणखी उपयोगी, कारण तिथे सगळी मांडणी बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि तो माणूस कधीतरी बदलून जातो.

इन्फिनिबँड आणि इथरनेटकडे

इन्फिनिबँडमध्ये सबनेट मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम सगळ्या वाटा ठरवतो. त्याचं खुलं रूप ओपनएसएम नावाने फुकट मिळतं आणि अनेक संशोधन केंद्रं तेवढ्यावर वर्षानुवर्षं चालली आहेत. त्यावरचा व्यापारी थर म्हणजे यूएफएम. वाटांवरचा भार, वाढत्या चुका, डळमळीत तारा हे त्यात एका नकाशावर दिसतं. दोन-चार स्विचांचं जाळं असेल तर खुलं साधन आणि थोडी शिस्त पुरते. शेकडो सर्व्हर असतील तर यूएफएमचा खरा उपयोग होतो.

या फरकाला आता महत्त्व आलं आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी पुण्याचा जीएमआरटीसाठी आहे. क्षणभर चमकून नाहीसे होणारे रेडिओ स्फोट शोधणं हे त्याचं काम. असे स्फोट काही मिलिसेकंदांचे असतात. ते सापडले तर तेवढ्या क्षणाचा कच्चा डेटा झटकन बाजूला काढून ठेवावा लागतो. म्हणजे गणनेचं जाळं आणि साठवणीचं जाळं यांच्यातली भिंत इथे पातळ होते. असा शोध जिथे चालतो तिथे दोन्ही जाळी एकाच वेळी, एकाच पडद्यावर दिसणं ही गरज बनते.

इथरनेटच्या बाजूला मोकळेपणा अधिक आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुली केलेली आणि २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेली सॉनिक ही स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांवर चालते. मात्र डेटा न सांडणारी साठवण इथरनेटवर हवी असेल तर प्रत्येक स्विचवर बारीक जुळवणी करावी लागते. फायबर चॅनल ते घरूनच करून येतं. स्वस्त पेटी घेऊन जुळवणीचा खर्च माणसांवर करायचा की महाग पेटी घेऊन तो वाचवायचा, हा निर्णय ज्या त्या संस्थेचा.

भाकीत सांगणारी यंत्रं

सध्या सर्वाधिक गाजावाजा आहे तो कृत्रिम बुद्धीच्या सोयींचा. बिघाड होण्याआधीच सांगू, असा दावा असतो. त्यात तथ्य आहे, पण मोजकं. हजारो दारांचं जाळं असेल तर नेहमीच्या वागण्याचा नमुना शिकून वेगळं काही दिसलं की बोट दाखवणं यंत्राला जमतं. दोन स्विच आणि चाळीस दारं असतील तर शिकायला डेटाच नसतो.

शिवाय बऱ्याच भाकितांना बुद्धी लागत नाही, वही लागते. प्रकाशतंतूच्या टोकाला बसणारं जोड-यंत्र स्वतःचं तापमान आणि येणाऱ्या प्रकाशाची ताकद सतत सांगत असतं. ती ताकद तीन डेसिबेलने उतरली म्हणजे प्रकाश निम्मा झाला. कारण बहुधा टोकावर बसलेली धूळ किंवा मुडपलेली तार. महिन्याभराचा साधा आलेख पाहिला तरी कोणतं टोक पुसायला हवं ते कळतं. हा आलेख आता बहुतेक सॉफ्टवेअरांत मूळ किमतीतच मिळतो. त्यावर कृत्रिम बुद्धीचं लेबल लावून वेगळा परवाना विकला जात असेल तर दोनदा विचार करावा.

पहारेकऱ्याच्याच दाराला कुलूप हवं

सगळ्या जाळ्याची चावी ज्याच्याकडे, तो पहारेकरीच फुटला तर काय, हा प्रश्न कल्पनेतला नाही. जानेवारी २०२० मध्ये सिस्कोला आपल्या डीसीएनएम या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधल्या बारा त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या. त्यांतल्या तीन इतक्या गंभीर होत्या की पासवर्डाशिवाय आत शिरता येत होतं. एप्रिल २०२४ मध्ये ब्रोकेडच्या सॅननॅव्हमधल्या अठरा त्रुटी एका स्वतंत्र संशोधकाने जाहीर केल्या. त्यांची दुरुस्ती २.३.१ या आवृत्तीत झालेली होती.

यातून बोध असा की सोयी जितक्या जास्त, तितकी आत शिरण्याची दारंही जास्त. व्यवस्थापनाचं जाळं वेगळं ठेवणं, ते इंटरनेटला थेट न जोडणं, जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं न चालवणं, हे कोणत्याही नव्या सोयीपेक्षा आधीचं काम. स्विचचं फर्मवेअर चालू जाळ्यावर, डेटा न थांबवता बदलण्याची सोय म्हणूनच मोलाची. बदलायला रात्र काढावी लागणार नसेल तर माणसं बदल पुढे ढकलत नाहीत.

खोडदची जादा अट

आता दुर्बिणीच्या जागेचा खास मुद्दा. गिगाबिट इथरनेटच्या चिपांना लागणारं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं असतं, १० गिगाबिटच्या चिपांचं १५६.२५ मेगाहर्ट्झचं. सुधारित जीएमआरटीची सर्वांत खालची पट्टी १२० ते २५० मेगाहर्ट्झ. म्हणजे डेटा वाहून नेणारा स्विचच दुर्बिणीच्या कानात कुजबुजू शकतो. त्यासाठी अशी यंत्रं धातूच्या आवरणाच्या खोलीत बंद ठेवावी लागतात. बिघाड शोधायला वारंवार दार उघडणं किंवा देखरेखीसाठी आणखी एक पेटी बसवणं तिथे परवडत नाही. स्विचच्या आतूनच मोजमाप मिळणं आणि ते दुरून वाचता येणं ही इतर ठिकाणी चैन असेल, इथे ती अट आहे.

दुसरी अट एकाच नजरेची. दुर्बीण चालवणाऱ्याला तबकडीचा कोन, ग्राहकाचं (रिसीव्हरचं) तापमान, वीज, डिस्कची जागा असं सगळं पाहायचं असतं. त्यात स्विचसाठी वेगळा पडदा, वेगळा पासवर्ड ही अडचणच. खोडदची दुर्बीण चालवणारी पुण्याची राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी संस्था (एनसीआरए) एसकेए या आंतरराष्ट्रीय महादुर्बिणीच्या नियंत्रण-व्यवस्थेच्या आराखड्याचं नेतृत्व करत होती. त्या दुर्बिणीसाठी टँगो ही खुली नियंत्रण-चौकट निवडली गेली. चौकटीचं तत्त्व असं की मोटार असो, ग्राहक असो की स्विच, प्रत्येकाने आपली अवस्था एकाच ठरलेल्या रीतीने सांगायची. म्हणून कंपनीच्या सुंदर पडद्यापेक्षा त्या पडद्यामागच्या माहितीचं दार उघडं आहे का, हा प्रश्न अशा केंद्रांसाठी मोठा ठरतो.

भारताने एसकेएमधल्या सहभागासाठी जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले. ही महादुर्बीण सुरू झाल्यावर वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट डेटा जगभरच्या प्रादेशिक केंद्रांकडे धाडेल, असा तिच्या संघटनेचा अंदाज आहे. त्या केंद्रांतली साठवणीची जाळी सांभाळणारी माणसं आपल्याकडेच घडावी लागतील.

निवाडा

सगळ्या सोयी एका तागडीत घातल्या तर तीन वजनदार ठरतात. एक, स्विचने स्वतः मोजलेला, सेकंदाच्या पातळीवरचा उत्तराचा वेळ. दोन, तुंबलेली किंवा आजारी वाट ओळखून सर्व्हरपर्यंत पोहोचणारी सूचना. तीन, मांडणी आणि मोजमाप दोन्ही प्रोग्रामने वाचता-लिहिता येण्याची मोकळीक, म्हणजेच बदलांचा इतिहास. गट पद्धतीचं झोनिंग आणि चालू जाळ्यावर फर्मवेअर बदलणं या चांगल्या, पण आता गृहीत धरायच्या गोष्टी. भाकितं मोठ्या जाळ्यांपुरती उपयोगी. रंगीत डॅशबोर्ड पाहुण्यांना दाखवायला ठीक.

म्हणून खरेदी समित्यांना एक विनंती आहे. मग ती संशोधन संस्थेची असो, जिल्हा बँकेची, साखर कारखान्याची की रुग्णालयाची. निविदेत सोयींची यादी मागण्याऐवजी प्रात्यक्षिक मागा. विक्रेत्याला सांगा, ‘एक सर्व्हर मुद्दाम मंद करतो, एक तार किंचित मुडपतो, एका झोनमधला एक अंक बदलतो. तुमच्या सॉफ्टवेअरने या तिन्ही गोष्टी किती मिनिटांत आणि कुठल्या शब्दांत सांगितल्या ते दाखवा.’ आणि त्या प्रात्यक्षिकात पडद्यासमोर त्याचा तज्ज्ञ बसवू नका. पुढची दहा वर्षं ज्याला ही पेटी सांभाळायची आहे, तो आपला माणूस बसवा.